निमजे साऊंड, तांडापेठ

विनोद मला कधी नीट ऐकूच आला नाही.
माझं लक्ष वायरीवर, बॅटरीच्या पाण्यावर,
कुणाची म्हैस खांबाला अंग घासतेय त्यावर.
पण विनोदाआधीचा श्वास
माईक आधी मला सांगतो,
मग गर्दीला.

पहिला श्वास ऐकला तो लटारू सोनकुसरेचा.
नाईक तलावाजवळ खडी गंमत,
डफ शेकोटीवर तापत ठेवलेला,
तुणतुण्यावाला बिडी विझवून कानामागे खोचतो,
आणि लटारू, दिवसभर मागावर बसून पाय आखडलेला,
मिशी भादरून, नऊवारी नेसून
उजेडात येतो.
मी तेरा वर्षांचा. बापानं बजावलेलं:
"भोंगा रडला त बटन फिरव.
मानूस रडला त हात लावू नोको."

पदर दोन बोटांत धरून लटारू म्हणे,
"हे लुगडं मीच विनलं.
मीच नेसलो."
मग थांबे.
डास बसून, चावून, उडून जाईल
इतका थांबे.
"बायकोले म्हटलं, तू…
तू पायून घे."

अख्खी कोष्टी वस्ती लोळायची.
ज्यांनी जन्मभर विणलं आणि घरात कुणाला नेसवलं नाही,
तेच जास्त.
लुगडं सकाळी गांधीबागेत शेठच्या गादीवर जायचं,
म्हणून काखेत वर्तमानपत्राच्या घड्या.
घामाचा डाग पडला की मजुरी कापली.
गर्दीला हे ठाऊक नव्हतं.
मला होतं. टाळीसाठी त्यानं हात उचलला
की माईकमध्ये कागद चुरचुरायचा.

तान्ह्या पोळ्याला त्याला पदर लागत नसे.
बडग्याच्या गाडीवर चढून
तेलाच्या भावाला, कोरड्या नळाला, साहेबाला
नाव घेऊन शिव्या,
आणि खालून उत्तर: घेऊन जा गे मारबत!
एका वर्षी त्यानं बडग्याच्या गळ्यात
आपल्याच मागाचा धोटा बांधला.
मागच्या गल्लीत पॉवरलूम सुरू झाले होते.
कुणी हसलं नाही.
जाळला मात्र सगळ्यांनी मिळून.

मग ऑर्केस्ट्रा. चमकीच्या कोटातला मिमिक्रीवाला,
दहा नटांचे आवाज, स्वतःचा एकही नाही.
वाक्य लटारूचंच, विणकराचा शिंपी झालेला.
थांबला नाही तो. घाईघाईत उरकलं.
लोक तरी हसले.
मग व्हिडीओ आला, एका तिकिटात दोन सिनेमे,
माझ्या एका भोंग्यात चिमणीनं घरटं केलं
आणि तीन उन्हाळे मी तो भाड्यानं दिला नाही.
मागायला तरी कोण आलं होतं.

परवा धरमपेठेतल्या कॅफेत माईक लावला.
सम्यका मेश्राम, वय चोवीस, हातात पाण्याची बाटली.
आल्या आल्या म्हणाली, "काका, कूलर बंद करा,
तो माझ्याआधी हसतोय."
मग गर्दीला:
"मी दिवसभर लोकांना घरासाठी कर्ज विकते.
फोनवर.
गच्चीवरून, कारण खोलीत रेंज नाही."
आणि थांबली.
माझं बोट बटणावर तसंच राहिलं.
तो श्वास. मे महिन्यात अंगावर काटा.
"घरमालक म्हणतो, गच्चीचं भाडं वेगळं."

तिला लटारू कोण ते माहीत नाही.
मीही सांगितलं नाही.
सांगायचं असतं तर कौतिकाबाईचं सांगितलं असतं.

लटारू गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी
ती दुकानाच्या पायरीवर येऊन बसली.
"त्याईची टेप हाये म्हनतेत तुमच्यापाशी."
होती एक. घासून घासून वाक्यं गेलेली,
फक्त कागदाची चुरचुर, मग शांतता,
मग ते हसणं, पत्र्यावर गारा पडाव्यात तसं.
मी विचारलं, "यात तुमचा आवाज वळखू येते का?"
तिनं पुन्हा लावायला सांगितली.
पुन्हा.
कान भोंग्याशी नेऊन ऐकत राहिली.

"नाई," म्हणाली.

थांबली.

रस्त्यावरून एक रिक्षा गेली, घंटी वाजवत.

"मी कुठची राहीन त्यात?
गमतीले जाले
नेसाले पायजे ना."

आणि अशी हसली, अशी,
की काटा लाल रेघेपार गेला असता,
मशीन चालू असती तर.